काचेपलीकडचे ओठ

कान तपासायच्या खोलीत बसवल्यावर पहिल्या दोन मिनिटांत माणूस काय करतो, त्यावरून तो पोटापाण्याला काय करत असेल ते मला बहुतेक वेळा कळायचं. शिक्षक भिंतीवरची छिद्रं मोजतो. भाजीवाली पदर सारखा करते आणि दाराकडे बघत राहते. लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, काम करणारा माणूस घाबरतो.

ही खोली सुरतेत, पांडेसऱ्यातल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात, पहिल्या मजल्यावर होती. आत एक खुर्ची आणि एक स्टूल मावेल एवढीच. भिंतींना छिद्रं पाडलेले पत्रे, त्यांच्या मागे जाड भरण, एकापाठोपाठ एक अशी दोन दारं आणि एका बाजूला दुहेरी काच. दोन्ही दारं लागली की रंगाईच्या मिलांचा, ट्रकचा आणि रिक्षांचा आवाज संपतो. काचेच्या बाहेर मशीन घेऊन मी बसायचो. या खुर्चीवर एकोणतीस वर्षं गेली.

शिरपूरकडचा गणपत नावाचा कामगार दार लागल्यावर मिनिटभरात उठला आणि काचेवर थापा मारू लागला. मी दार उघडलं.

"साहेब, आत कुणी शिट्टी वाजवतंय."

आत कुणी नव्हतं. ती शिट्टी त्याच्या कानातली होती. अकरा वर्षं ती लूमच्या आवाजाखाली दबलेली होती. शांततेत त्याला ती पहिल्यांदा ऐकू आली. मी ते समजावून सांगितलं. त्याने चपला घातल्या.

"बाहेर मी बरा होतो," तो म्हणाला, आणि परत आला नाही.

उलटाही एक प्रकार आठवतो. पर्वत पाटिया भागात साड्यांच्या दुकानात काम करणाऱ्या एका माणसाला त्याची बायको घेऊन आली होती. दोघं अकोल्याकडचे. तपासणी झाली, कान उत्तम निघाले. बाईंनी कागद उलटासुलटा करून पाहिला.

"मंग याले माह्यंच आयकू येत नाही काय?"

"त्याचं मशीन आमच्याकडे नाही," मी म्हणालो. नवरा हसला नाही. त्याला तेही ऐकू आलं नसावं.

मी डॉक्टर नाही. माझ्या कामाला ऑडिओमेट्रिस्ट म्हणतात. म्हणजे कान किती ऐकतो ते मोजून कागदावर काढणारा माणूस. लोक डॉक्टर म्हणायचे. सुरुवातीला दुरुस्त करायचो, पुढे सोडून दिलं. त्याआधी तीन वर्षं सुरतेतल्याच एका छोट्या मराठी सायंदैनिकात बातमीदार होतो. ते बंद पडल्यावर हा अभ्यासक्रम केला. वर्तमानपत्रातून बरोबर आणलेली एकच गोष्ट शेवटपर्यंत टिकली. प्रत्येक रुग्णासाठी माझ्या रजिस्टरमध्ये तीन ओळी असत: कोण, काय, कशामुळे. विशेषण नाही. आमचे संपादक म्हणायचे, "विशेषण दिसलं की समज, बातमीदाराने काहीतरी विचारायचं राहून गेलंय." मी विशेषणं गाळली. विचारायचं मात्र राहून गेलं. त्याबद्दलच लिहायचं आहे.

आधी कामाबद्दल थोडं. कानाला हेडफोन लावतात आणि हातात बटण देतात. आवाज आला की बटण दाबायचं. जाड आवाजापासून बारीक आवाजापर्यंत एकेक सूर घेऊन तो किती हळू असला तरी ऐकू येतो ते शोधायचं आणि तक्त्यावर खूण करायची. उजव्या कानाला लाल गोल, डाव्याला निळी फुली. ऐकणं जितकं कमी, तितकी खूण खाली. खुणा जोडल्या की रेघ तयार होते. लूमच्या आवाजाने गेलेल्या कानाची रेघ ओळखायला सोपी. जाड आवाजांना ती सरळ चालते, बारीक आवाजांच्या एका ठरावीक जागी खड्ड्यात पडते आणि पुढे पुन्हा थोडी वर येते. पांडेसरा, बमरोली भागातले असे हजारो खड्डे मी काढले असतील.

सुरतेत लूमच्या कारखान्याला खातं म्हणतात. खात्यात कुणी बोलत नाही, कारण बोललेलं ऐकूच येत नाही. तरी तिथे दिवसभर गप्पा चालतात. तार तुटली, बॉबिन संपलं, देखरेखीचा मास्तर आला, चहा सांग, हे सगळं हाताने आणि ओठाने. चार लूम पलीकडचा माणूस आवाज न काढता शिवी देतो आणि ज्याला द्यायची त्याला ती पोचते. कामगार ही सवय घरी आणतात. खानदेशातून आलेल्या अशा कित्येक घरांत मी पाहिलं आहे: नवरा-बायको समोरासमोर बसून ओठ हलवतात, आवाज नाही. मुलंही तेच शिकतात. बाहेरच्याला वाटतं, घरात भांडण होऊन अबोला आहे.

अशाच घरातली पूनम मला पहिल्यांदा भेटली तेव्हा नऊ वर्षांची होती. मराठी माध्यमाच्या एका शाळेत आमचं तपासणी शिबिर होतं. शिबिरात खोली नसते. मुलाला समोर उभं करायचं, हळू आवाजात शब्द म्हणायचे आणि त्याने ते परत म्हणायचे. अशा वेळी तोंडासमोर कागद धरायचा असतो. त्या दिवशी दीडशे मुलं होती, मी कागद धरला नाही. पूनमने माझ्या दहाही शब्दांची बरोबर उत्तरं दिली. वर्गशिक्षिका म्हणाल्या होत्या, "हिचं लक्ष नसतं. पाठमोरी हाक मारली की ओ देत नाही." रजिस्टरमध्ये नोंद आहे: पूनम, वय नऊ. दोन्ही कान सामान्य. शिक्षिकेची तक्रार: लक्ष नाही.

तिने माझा एकही शब्द ऐकला नव्हता. तिने ते वाचले होते.

तीन वर्षांनी ती आमच्या दवाखान्यात दाखल झाली. तीन महिने सतत पाणी पीत होती, वजन उतरत गेलं आणि एका सकाळी ती शाळेच्या पायरीवर पडली. रक्तातली साखर फार वाढलेली निघाली, इन्शुलिन सुरू झालं. मुलांच्या हार्मोनच्या आजारांचं शिक्षण घेतलेल्या एक तरुण डॉक्टर आठवड्यातून एकदा आमच्याकडे येत. त्या गुजराती होत्या, सगळे त्यांना डॉक्टरबेन म्हणत. त्या पूनमला घेऊन स्वतः वर आल्या.

"भाई, आ छोकरी सांभळती नथी, जुए छे," त्या म्हणाल्या. ऐकत नाही, बघते.

मी पूनमला खोलीत बसवलं. रेघ पहिल्यापासूनच खाली सुरू झाली आणि उतरत गेली. दोन्ही कानांची जवळजवळ सारखी. शेवटी खड्डा नव्हता, वर येणंही नव्हतं. बारा वर्षांचं वय बघता तिची उंचीही कमी होती. डॉक्टरबेननी साखर, कान आणि उंची या तीन गोष्टी एका कागदावर एकाखाली एक लिहिल्या आणि विचारलं, "घरात कुणाला ऐकायला कमी येतं?"

बाहेर बाकावर वडील भिकन, आई मंगला आणि आजी, म्हणजे भिकनची आई, बसले होते. मी जाऊन विचारलं. उत्तर आजीने दिलं.

"आमना खानदानमा कोनीच बहिरं नही. मना पोऱ्या लूमवर गया, म्हनीसन त्याना कान गया."

मुलगा लूमवर गेला म्हणून त्याचे कान गेले, बाकी घराण्यात कुणी नाही. मी ते उत्तर आत आणलं. डॉक्टरबेन म्हणाल्या, "अने मम्मी?"

मंगलाचं नाव मला ओळखीचं वाटलं. कपाटातून जुनी रजिस्टरं काढली. पाच वर्षांपूर्वीचं पान सापडलं. माझं अक्षर: मंगला, वय सव्वीस. दोन्ही कानांनी मध्यम कमी. पती लूम कामगार. कारण: खात्याचा आवाज.

पानाला तिचा तक्ता टाचलेला होता. डॉक्टरबेननी तो पूनमच्या तक्त्याशेजारी ठेवला. दोन्ही रेघा सारख्या उतरत होत्या. आईच्या रेघेतही खड्डा नव्हता. तो नाही हे पाच वर्षांपूर्वी मला दिसायला हवं होतं. दिसलं नाही, कारण 'खात्याचा आवाज' हे मी आधीच लिहून टाकलं होतं.

मी मंगलाला आत बोलावलं. तिच्यासमोर बसून सावकाश विचारलं, "ताई, तुम्ही खात्यात किती वर्षं काम केलं?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिला ती किती वर्षं रिक्षा चालवते असं विचारलं होतं.

"मी कधी खात्यात गेलीच नही. मी घरी साड्यांचे धागे कापते."

पाच वर्षांपूर्वी ती नवऱ्याबरोबर आली होती. तिला ऐकायला कमी येतं म्हणून मी सगळे प्रश्न नवऱ्याला विचारले होते. तो काय काम करतो हे त्याने सांगितलं. ती काय करते हे मी विचारलं नाही. बातमीदारीत ही पहिल्या आठवड्यातली चूक समजली जाते: ज्याची बातमी त्याला सोडून शेजारच्याशी बोलणं.

"तुमच्या माहेरी कुणाला असं?"

तिने दाराकडे पाहिलं. मग आपल्या अहिराणीतच बोलली.

"मनी माय बी ओठच देखे. आमना गावले कोठे लूम व्हता?"

तिची आईही ओठच बघायची, आणि त्या गावात लूम नव्हता. तिशीतच आईचे कान गेले, पुढे साखर निघाली, मंगलाचं लग्न झालं त्याच वर्षी ती वारली. आईच्या एका बहिणीचंही तसंच झालं. हे तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं. आजी खोटं बोलल्या नव्हत्या. 'तुमच्या घराण्यात' असं विचारल्यावर सून ज्या घरातून आली ते घर त्या मोजत नव्हत्या. आपल्याकडे ते कुणीच मोजत नाही.

आजार काय ते डॉक्टरबेननी मला समजावलं, कारण पुढे मलाच तो मराठीत सांगायचा होता. शरीरातल्या प्रत्येक पेशीत शक्ती तयार करणारे बारीक बारीक कारखाने असतात. त्यांची स्वतःची एक छोटी जनुकांची पट्टी असते आणि ती मुलाला फक्त आईकडून मिळते. त्या पट्टीत एका ठिकाणी बिघाड असला की शक्ती कमी पडते. मी भिकनला ते खात्याच्या भाषेत सांगितलं: व्होल्टेज कमी आलं तर बल्ब पेटतो, पण लूम उचलत नाही. कान आणि इन्शुलिन बनवणारी ग्रंथी यांना वीज जास्त लागते, म्हणून आधी तिथेच अडतं. कधी उंचीवर परिणाम होतो, कधी दुसऱ्या हार्मोनवर. एकाच आईच्या मुलांत कुणाला खूप, कुणाला थोडं, कुणाला काहीच नाही. भिकनने मान हलवली. व्होल्टेज त्याला कळत होतं. ते कुणाकडून येतं हे मी तेव्हा सांगितलं नाही. पूनम आणि मंगलाच्या रक्ताचे नमुने तपासायला बाहेरगावी गेले होते, उत्तर यायचं होतं.

उत्तर आलं. पूनमला तोच आजार होता, मंगलालाही. मंगलाची साखर तपासली तर तीही वाढलेली. साखरेची नेहमीची एक गोळी या आजारात टाळतात. वेळेवर कळल्यामुळे मंगलाला ती सुरू झाली नाही, एवढा फायदा लगेच झाला.

सांगायचं काम माझ्याकडे आलं. मंगला ओठ वाचायची, पण मराठी आणि अहिराणी ओठ. डॉक्टरबेन गुजरातीत किंवा हिंदीत बोलल्या की तिला काही कळत नसे. आजी आणि भिकन बाहेर होते. मला वाटलं, ही गोष्ट आधी तिला एकटीला कळावी, मग तिने ठरवावं. दवाखान्यात दुसरी एकांताची जागा नव्हती. मी तिला तपासणीच्या खोलीत नेलं आणि दोन्ही दारं लावली. ती खुर्चीत बसली, तिची पाठ काचेकडे. मी समोर स्टुलावर, माझं तोंड काचेकडे. माझे ओठ तिला नीट दिसावेत म्हणून आतला मोठा दिवा मीच लावला.

मी म्हणालो, "ताई, हे पूनमला तुमच्याकडून आलंय. तुम्हाला तुमच्या आईकडून. यात तुमचा दोष काही नाही."

ती म्हणाली, "पोरगा असता तर?"

"त्यालाही आलं असतं. पण त्याच्या मुलांना गेलं नसतं."

"म्हणजे पुढे जाईल ते पोरींच्याच अंगावरून." मग तिने हात जोडले. "यांना सांगू नका."

"नाही सांगणार," मी म्हणालो.

तेव्हा माझी नजर काचेकडे गेली. काचेपलीकडे भिकन उभा होता. तो माझ्या तोंडाकडे बघत होता, खात्यात चार लूम पलीकडच्या माणसाकडे बघतात तसा.

ती खोली आवाज बाहेर जाऊ नये म्हणून बांधली होती आणि त्या कामात ती चांगली होती. लूमवर वीस वर्षं काढलेल्या माणसासमोर, प्रकाश लावून, काचेकडे तोंड करून मी ते बोललो होतो. दवाखान्याच्या जिन्यात ओरडून सांगितलं असतं तर कदाचित त्याला कमी कळलं असतं.

त्या दिवशी तो मंगला आणि आईला घेऊन जिना उतरला. पुढच्या आठवड्यात पूनमला घेऊन तो आणि आजी आले. मंगला नव्हती. मी विचारायच्या आधी भिकनच म्हणाला, "साहेब, मी काचमाईन सगळं वाचं." काचेतून सगळं वाचलं. घरी जाऊन आईला सांगितलं. आईने सुनेला साक्रीजवळच्या तिच्या माहेरी पोचवायला लावलं. पोरगी मात्र आमची, ती इथे राहील, असं ठरलं.

रविवारी मी बमरोलीला त्यांच्या खोलीवर गेलो. आजी दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी बराच वेळ बोललो. हा कुणाचा गुन्हा नाही, मंगलाला ते स्वतःला माहीत नव्हतं, डोळ्यांचा रंग येतो तसं हे येतं. आजींनी सूप खाली ठेवलं.

"डाक्टर, तुम्हीच सांगं तिनाकडथाईन उनं. आते तुम्हीच सांगतस तिना दोष नही. आम्ही कोनतं खरं मानानं?"

तिच्याकडून आलं हेही तुम्हीच सांगितलं, तिचा दोष नाही हेही तुम्हीच सांगता. आम्ही कोणतं खरं मानायचं? दोन्ही खरं होतं. ते एका वाक्यात बसवायला मला जमलं नाही. चहा न घेता परत आलो.

पूनम आत बसली होती. मी जाताना तिने हात हलवला. आजींना दात नव्हते आणि बोलताना पदर तोंडावर धरायची त्यांना सवय होती. म्हणजे आजी काय बोलतात हे पूनमला दिसत नव्हतं. बाप बारा तास खात्यावर. शाळेत ती मागच्या बाकावर. त्या मुलीचं ज्या एका तोंडाशी दिवसभर बोलणं व्हायचं, ते तोंड आता साक्रीला होतं. हे मी डॉक्टरबेनना सांगितलं तेव्हा त्यांना वेगळी काळजी लागली. इन्शुलिन रोज किती द्यायचं ते बोटातल्या रक्ताची साखर बघून, काय खाल्लं ते बघून ठरवावं लागतं. ते मंगला शिकली होती. आजींना आकडे वाचता येत नव्हते. बारा वर्षांची मुलगी एकटी हे कसं सांभाळणार? एखादा डोस चुकीचा गेला तर ती शाळेच्या पायरीवरसुद्धा पोचली नसती.

दर आठवड्याला आम्ही तिची साखरेची वही बघत होतो. वही चांगली होती. आकडे जागच्या जागी, डोस योग्य. डॉक्टरबेननी मला विचारलं, "कोण करे छे आ?" कोण करतंय हे? पूनम माझ्या ओठांकडे बघून नुसती हसली.

ते मला भिकनकडून कळलं. ऐकण्याच्या मशीनसाठी पूनमच्या कानाचं माप घ्यायला तो तिला घेऊन आला होता. आजी बरोबर नव्हत्या. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज न काढता, नुसत्या ओठांनी मला सांगितलं. तो रोज खात्यावर जाताना फोन घरी ठेवून जायचा. आईला सांगितलं होतं, मास्तर आत फोन नेऊ देत नाही. दुपारी चार वाजता साक्रीहून व्हिडिओ कॉल यायचा. फोनचा आवाज पूर्ण बंद. पूनम साखरेचा आकडा पडद्यासमोर धरायची, मंगला बोटांनी डोस दाखवायची. मग दोघी बोलायच्या. आजी त्याच खोलीत, चार हातांवर, भिंतीकडे तोंड करून पडलेल्या असायच्या. आवाजच नव्हता, त्यांना कळणार कसं?

"आईला सांगू नका," भिकन म्हणाला. जवळजवळ तेच शब्द, तीच खोली. या वेळी मी आधी काचेकडे पाहिलं आणि मग मान हलवली.

मी माझा तपासणीचा कागद बदलला. 'घराण्यात कुणी?' हा प्रश्न खोडला. त्याऐवजी लिहिलं: आईच्या माहेरी कोण? आईच्या आईच्या माहेरी? माणसं हसायची. एक जण म्हणाला, "साहेब, आईच्या आईचं माहेर कोण लक्षात ठेवतं?" बायका ठेवतात, हे मला नंतर समजलं. फक्त त्यांना विचारावं लागतं, आणि शेजारी कुणी नसताना. पूनमच्या पानावर मी अशी एक रांग लिहून ठेवली आहे: पूनम, तिची आई मंगला, तिची आई सखुबाई, तिची आई धुरपता. आडनावं लिहिलेली नाहीत, कारण प्रत्येकीचं वेगळं होतं. एकाच धाग्यातल्या या चौघींना जगातल्या कुठल्याही कागदाने कधी एकत्र ठेवलं नव्हतं.

माहेरी मंगला नुसती बसून राहिली नाही. मावशांच्या मुलींची घरं ती एकेक करून फिरली. सख्ख्या बहिणीला तिच्या मुलीसह धुळ्याच्या डॉक्टरांकडे नेलं. त्या मुलीची साखर नुकतीच वाढू लागली होती, ती वेळेवर सापडली. काही घरांनी तिला दारातूनच परत पाठवलं. ही बातमी आपल्याकडे आणणारी बाई कुणाला नको असते. हे सगळं पूनमने मला तुकड्यातुकड्यांनी सांगितलं.

अकरा महिन्यांनी भिकन मंगलाला परत घेऊन आला. सासूने बोलावलं का, असं मी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "आईनी काही सांगं नही, आणि मीही विचारलं नही." आजी त्याच घरात राहतात. त्या घरात आता कोण कुणाशी किती बोलतं, हे मला माहीत नाही. मंगलाने माझ्याकडे परत कान तपासून घेतले. मशीन घेतलं. त्या काचेबद्दल मला काही म्हणाली नाही. म्हणावं अशी माझी अपेक्षा होती, हे इथे नोंदवतो.

मी निवृत्त होऊन अडीच वर्षं झाली. घरी एकटाच असतो. टीव्हीचा आवाज बंद ठेवून बातम्या बघतो. वाचणाऱ्यांचे ओठ थोडेफार कळतात. त्या नोकरीतली एक दुपार राहून राहून आठवते. ती मंगला परत येण्याच्या आधीची आहे.

पूनमची कानांची मशीनं आली होती. भिकन तिला सोडून खात्यावर गेला होता, फोन तिच्याकडे ठेवून. मी मशीनं बसवली, सूर लावले, तिला खोलीबाहेर आणून पाठीमागून नाव घेतलं. ती वळली. नावाला ओ देताना मी तिला पहिल्यांदा पाहिलं. मग ती बराच वेळ पंख्याकडे बघत राहिली.

"काका, हा रोज एवढा वाजतो?"

"रोज."

तिने भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. चार वाजत आले होते. तिने खोलीकडे बोट केलं. "आत बसू?"

ती आत गेली, खुर्ची काचेकडे वळवून बसली, कारण नेटवर्क त्याच बाजूला मिळायचं. दोन्ही मशीनं कानातून काढली आणि डबीत ठेवली. मी दारात उभा राहून विचारलं, "का काढलीस? आता तर ऐकू येईल."

"मम्मीशी बोलायला हे नको," ती म्हणाली. "मम्मीला कुठे आवाज असतो?"

मी दोन्ही दारं लावली. काचेला पडदा हवा म्हणून महिन्यापूर्वी अर्ज दिला होता. आवाज न जाणाऱ्या खोलीला पडदा कशाला, असं स्टोअरवाल्याने विचारलं होतं. पडदा अजून आला नव्हता. दिवा लागलेला, काच स्वच्छ. फोन पेटला, तिने तो तोंडासमोर थोडा खाली धरला आणि तिचे ओठ हलले. इतकी वर्षं या लोकांत काढल्यावर एवढं मलाही वाचता येत होतं. "मम्मी, आज" एवढं मी वाचलं.

मग मी खुर्ची भिंतीकडे वळवली. भिंतीवर आगीत काय करावं याच्या सूचना होत्या, गुजरातीत. त्या दोनदा वाचून झाल्या, तिसऱ्यांदा वाचल्या. मागे काही ऐकू येत नव्हतं. वीस मिनिटांनी दार उघडल्याचा आवाज आला तेव्हाच वळलो.

त्या दिवसाच्या नोंदीत तीन ओळी आहेत. नाव, वय, मशीन बसवलं. त्या वीस मिनिटांबद्दल काही लिहिलेलं नाही.